पोटमाळ्यावरची हत्यारं

हैदराबादच्या मियापूर भागात ‘ऑल्विन क्रॉस रोड्स’ नावाचा चौक आहे. कुकटपल्लीत ऑल्विन कॉलनी आहे. रिक्षावाल्याला नुसतं ‘ऑल्विन’ म्हटलं तरी पुरतं. पण हे ऑल्विन म्हणजे काय, हे विशीतल्या मुलाला सांगता येईलच असं नाही. त्याच्या आजोबांना विचारा. ते फ्रिज म्हणतील, बस म्हणतील, स्कूटर म्हणतील आणि मग मनगटावर बोट ठेवून म्हणतील, घड्याळ.

१९४२ साली निजामाच्या इंडस्ट्रियल ट्रस्ट फंडाने आणि अल्लादीन अँड कंपनीने मिळून ऑल्विन मेटल वर्क्स उभी केली. तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे सगळे जिल्हे निजामाच्याच राज्यात होते, त्यामुळे मराठवाड्यातल्या माणसालाही ही आपल्याच मुलखातली कंपनी होती. पुढे ती सरकारी झाली. बसच्या बॉड्या, लोखंडी फर्निचर, फ्रिज असं करत करत १९८० च्या दशकात तिने जपानच्या सेको कंपनीशी हातमिळवणी करून मनगटी घड्याळं काढली. नव्वदच्या दशकात सगळंच विस्कटलं. फ्रिजचा व्यवसाय व्होल्टासकडे गेला, निसानबरोबर काढलेला छोट्या ट्रकचा कारखाना महिंद्राकडे गेला, आणि घड्याळं बंद पडली.

हे आज आठवायचं कारण म्हणजे गेल्या दहा-पंधरा वर्षांत घड्याळांच्या जगात जुनी मॉडेलं पुन्हा काढण्याची मोठी लाट आली आहे. १९६० किंवा १९७० च्या दशकातलं एखादं घड्याळ घ्यायचं, त्याची डायल, काटे, केस यांचा मूळ घाट ठेवायचा आणि ते नव्याने विकायला आणायचं. या लाटेत सर्वांत जास्त मागणी आहे ती क्रोनोग्राफला, म्हणजे ज्या घड्याळात स्टॉपवॉचही असतं त्याला. ही नवी आवृत्ती काही कंपन्यांना साधते, काहींना अर्धीमुर्धी साधते, आणि ऑल्विनसारख्या कंपनीच्या बाबतीत तसा विचारही कुणाच्या मनात येत नाही. असं का होतं, याचं उत्तर मला डायलवर सापडत नाही. ते कारखान्यातल्या हत्यारांमध्ये, साच्यांमध्ये आणि कागदांमध्ये आहे.

आधी क्रोनोग्राफ कशासाठी असतो ते पाहू. त्याचा जन्म बराचसा घोड्यांच्या शर्यतींतून झाला. लुई मॉइने या फ्रेंच कारागिराने १८१६ मध्ये खगोलाच्या निरीक्षणासाठी सेकंदाचा साठावा भाग मोजणारं यंत्र केलं होतं. पण लोकांसमोर हे तंत्र आलं ते १८२१ मध्ये. निकोला र्‍यूसेक याने पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावरच्या शर्यतीत आपलं यंत्र लावलं. घोडा रेषा ओलांडताच फिरत्या डायलवर शाईचा एक थेंब पडे आणि वेळेची खूण उमटे. हैदराबादेत शर्यती १८६८ मध्ये मौला अलीला सुरू झाल्या आणि १८८६ मध्ये मलकपेटला आल्या. तिथे आजही हैदराबाद रेस क्लबचं मैदान आहे.

शर्यतीबाहेरही या घड्याळाचा उपयोग होतो. पुष्कळ क्रोनोग्राफच्या डायलच्या कडेला आकड्यांची एक पट्टी असते, तिला टॅकीमीटर म्हणतात. हैदराबादच्या आउटर रिंग रोडवर एका किलोमीटरच्या खुणेपाशी बटण दाबा, पुढच्या खुणेपाशी पुन्हा दाबा. मध्ये ३६ सेकंद गेले असतील तर काटा १०० वर थांबलेला दिसेल, कारण तासाचे ३,६०० सेकंद भागिले ३६ म्हणजे १००. गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर. हे काम अर्थात शेजारी बसलेल्याने करायचं, गाडी चालवणाऱ्याने नाही.

दुसरी पट्टी टेलीमीटरची. तिच्यावरून आवाजाच्या वेगाने अंतर कळतं. गोवळकोंड्याला गेलेल्या प्रत्येकाने फतेह दरवाजाखाली टाळी वाजवून पाहिलेली असते. ती साधारण किलोमीटरभर लांब, वर बाला हिसारला ऐकू येते असं गाईड सांगतात. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ तीन सेकंद लागतात. खाली एकाने टाळीबरोबर हातातला रुमाल खाली करायचा, वर दुसऱ्याने दुर्बिणीतून रुमाल पडताना पाहून बटण दाबायचं आणि टाळी ऐकताच थांबवायचं. तोफेचा उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ मोजून सैनिक शत्रूचं अंतर काढत, ते याच पट्टीवर. डॉक्टरांसाठी तिसरी पट्टी असते. ठरावीक ठोके मोजून बटण दाबलं की मिनिटाला नाडीचे ठोके किती ते सरळ वाचता येतं.

आता थोडं आत डोकावू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. साध्या चावीच्या घड्याळात मेनस्प्रिंगची ताकद चाकांच्या साखळीतून बॅलन्सपर्यंत जाते आणि बॅलन्स ती ठरावीक लयीत सोडतो. क्रोनोग्राफमध्ये या चालत्या साखळीला आणखी एक गट हवा तेव्हा जोडायचा आणि हवा तेव्हा तोडायचा असतो. शिवाय काटे एका दाबासरशी शून्यावर आणायचे असतात. हे ठरवणारा मेंदू दोन प्रकारचा असतो. जुन्या, महागड्या मशीनमध्ये कॉलम व्हील असतं, म्हणजे कंगोऱ्यांवर उभे खांब असलेलं चाक. बटण दाबलं की ते एक घर पुढे सरकतं. एखाद्या तरफेचं टोक खांबावर चढतं, एखाद्याचं दोन खांबांमधल्या खोबणीत पडतं, आणि त्याप्रमाणे सुरू, बंद किंवा शून्य असा आदेश जातो. दुसरा प्रकार म्हणजे कॅम. तो करायला सोपा आणि स्वस्त, पण बटणाचा दाब जरा कडक लागतो. कॉलम व्हीलचं बटण बोटाला मऊ आणि ठाम लागतं. हातात घेतल्यावर हा फरक लगेच कळतो.

जोडणीचेही दोन प्रकार आहेत. पारंपरिक पद्धतीत एक दातेरी चाक बाजूने सरकत येऊन चालत्या चाकात अडकतं. चालत्या बसच्या पायरीवर उडी मारणाऱ्याला जसा पहिला हिसका बसतो, तसा इथे सेकंदकाट्याला बसतो. दात दातावर आदळला तर काटा किंचित उडतो. उभ्या क्लचमध्ये दोन चकत्या वरून-खालून एकमेकींना चिकटतात, दातांचा प्रश्नच येत नाही, काटा सुरळीत निघतो. घड्याळ किती बारीक वेळ मोजेल हे बॅलन्सच्या ठोक्यांवर ठरतं. तासाला १८,००० ठोके म्हणजे सेकंदाला पाच, म्हणून एक-पंचमांश सेकंद. ३६,००० ठोके म्हणजे एक-दशांश.

हे सगळं मिळून सव्वादोनशे-अडीचशे भाग होतात, कधी त्याहून जास्त. प्रत्येक भागाला त्याचा साचा, प्रेस, कापायचं हत्यार, मोजायचा गेज आणि नकाशा लागतो. मॉडेल बंद करणं म्हणजे हा सगळा पसारा बंद करणं.

आता १९६९ चं साल घ्या. तोवर क्रोनोग्राफ फक्त चावीचे होते. हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारा क्रोनोग्राफ कोण आधी काढतो, याची स्पर्धा त्या वर्षी निकाली निघाली. जानेवारीत झेनिथने एल प्रिमेरो जाहीर केला. मार्चमध्ये हॉयर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्यूरेन आणि द्युब्वा देप्राझ यांच्या गटाने क्रोनोमॅटिक आणला. जपानमध्ये सेकोने त्याच वर्षी ६१३९ काढला, कॉलम व्हील आणि उभ्या क्लचसह. तोच ६१३९ अंतराळवीर कर्नल विल्यम पोग यांच्या मनगटावर १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकात गेला. पण १९६९ च्याच डिसेंबरात त्याच सेकोने अ‍ॅस्ट्रॉन नावाचं, बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ विक्रीला आणलं. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत स्विस यांत्रिक घड्याळांचा धंदा कोसळला.

झेनिथ तेव्हा शिकागोच्या एका टीव्ही-रेडिओ कंपनीच्या मालकीची झाली होती. १९७५ मध्ये हुकूम आला की यांत्रिक घड्याळं बंद करा आणि हत्यारं भंगारात वजनावर विका. झेनिथच्या ल लोक्ल गावातल्या कारखान्यात शार्ल व्हेर्मो नावाचा वर्कशॉपचा प्रमुख होता. एल प्रिमेरो घडवणाऱ्यांतला तो एक. त्याने आधी वर पत्र लिहून विनंती केली. ती मानली गेली नाही. मग त्याने कामाच्या वेळेनंतर साचे, कॅम, कापायची हत्यारं आणि १५० च्या आसपास प्रेस एकेक करून कारखान्याच्या पोटमाळ्यावर नेऊन लपवले. नुसते लपवले नाहीत. कोणतं हत्यार कशासाठी, कोणत्या क्रमाने वापरायचं, कुठे ठेवलं आहे, हे सगळं त्याने वहीत लिहून ठेवलं. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग ती वही आहे. हत्यारं असतील पण क्रम माहीत नसेल, तर ती पुन्हा लोखंडच.

दरम्यान कंपनी पुन्हा स्विस हातात आली होती. १९८४ मध्ये एल प्रिमेरो परत सुरू करायचं ठरलं, तेव्हा व्हेर्मोने पोटमाळा उघडून दाखवला. १९८८ मध्ये रोलेक्सने आपल्या डेटोना क्रोनोग्राफसाठी तेच मशीन घेतलं, ठोके ३६,००० वरून २८,८०० वर आणून आणि बरेच भाग बदलून. २०१९ मध्ये पन्नासाव्या वर्षी झेनिथने १९६९ चं ए३८६ हे मॉडेल पुन्हा आणलं. तीच ३८ मिलिमीटरची केस, एकमेकांवर चढलेल्या तीन रंगांच्या छोट्या डायल, आणि आत त्याच वंशातलं मशीन.

ओमेगाची गोष्ट उलट्या बाजूची आहे. तिच्या स्पीडमास्टर क्रोनोग्राफमधलं ३२१ हे मशीन ज्या पूर्वज मशीनवर आधारलेलं, ते अल्बेर पिगे यांच्या १९४० च्या दशकातल्या रचनेतून आलं. १९६८ मध्ये ते बंद होऊन त्याजागी दुसरं मशीन आलं, पण अपोलो ११ च्या अंतराळवीरांकडे ३२१ च होतं. पन्नास वर्षांनी ते पुन्हा करायचं ठरलं तेव्हा हत्यारं हाताशी नव्हती. मग जुने नकाशे शोधले. १९७२ मध्ये अपोलो १७ बरोबर चंद्रावर गेलेलं जीन सर्नन यांचं घड्याळ घेतलं आणि न उघडता टोमोग्राफीने, म्हणजे आपल्या सीटी स्कॅनच्याच तत्त्वाने, त्याच्या आतल्या भागांची प्रतिमा काढली. त्यावरून ३२१ चे भाग पुन्हा घडवले. २०१९ मध्ये हे जाहीर झालं. स्वित्झर्लंडमधल्या बील इथल्या एका वेगळ्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक मशीन एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोडतो. व्हेर्मोसारखा माणूस नसला की काम कुठपर्यंत जातं, ते या घड्याळाच्या किमतीवरून कळतं.

तिसरी वाट चीनची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी हवाई दलाच्या वैमानिकांसाठी क्रोनोग्राफ हवा होता. स्वित्झर्लंडमध्ये व्हीनस १७५ हे कॉलम व्हीलचं मशीन बंद होत होतं. त्याची यंत्रसामग्री तिआनजिनच्या कारखान्याने विकत घेतली आणि त्यावर आपला क्रोनोग्राफ उभा केला. आज ‘सीगल १९६३’ नावाने जे घड्याळ जगभरचे शौकीन घेतात, त्याच्या आत त्याच व्हीनसचा वारस धडधडतो. ठोके आता तासाला २१,६०० झाले आहेत, पण रचनेचा सांगाडा तोच आहे. खरा कॉलम व्हीलचा, चावीचा क्रोनोग्राफ ओमेगाच्या ३२१ च्या किमतीच्या अगदी थोड्या अंशात मिळतो, त्याचं कारण हा हत्यारांचा वारसा आहे.

यंत्रसामग्री आपल्याकडेही आली. १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने बंगळुरूला एचएमटीचा घड्याळाचा कारखाना सुरू झाला, आणि मराठी घरातल्या लग्नात जावयाच्या मनगटावर ‘जनता’ बांधलं जाऊ लागलं. हैदराबादेत एचएमटीचं जे युनिट होतं ते घड्याळांचं नव्हतं, मशीन टूल्सचं होतं. म्हणजे हत्यारं घडवणारी हत्यारं करण्याची विद्या या शहरात होती. पुढे सेकोची जोड घेऊन ऑल्विनने घड्याळं काढली. ज्या सेकोने १९६९ मध्ये उभ्या क्लचचा क्रोनोग्राफ केला, तिच्याशी हैदराबादचा थेट संबंध जुळला. तरी एचएमटी काय किंवा ऑल्विन काय, त्यांची ओळख तीन काट्यांच्या, रोजच्या वापरातल्या घड्याळांसाठीच राहिली. देशाला परवडणारं घड्याळ देणं हे तेव्हा योग्यच काम होतं, आणि दोघांनी ते मनापासून केलं. पण कारखाने बंद होताना पोटमाळ्यावर काही नेऊन ठेवणारा माणूस कुणाला आठवत नाही. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. एचएमटीची काही जुनी मॉडेलं त्यानंतरही विक्रीला येत राहिली आणि हातोहात खपली, ही समाधानाची गोष्ट.

भारताशी जवळून बांधलेला क्रोनोग्राफ म्हणाल तर तो फेवर-ल्यूबाचा. कंपनी स्विस, मूळ १७३७ चं, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईच्या बाजारात तिचे पाय रोवलेले. आपल्या घरांत ‘फेवरल्यूबा’ असा एका दमात उच्चार होतो. मुंबई, पुणे, हैदराबादच्या कपाटांतून अजूनही सी-किंग आणि सी-चीफ निघतात. हीच कंपनी १९६२ मध्ये उंची मोजणारं बिव्हूअॅक आणि १९६८ मध्ये पाण्याची खोली मोजणारं बाथी काढणारी. क्वार्ट्झच्या तडाख्यात तीही खचली. २०११ मध्ये टाटांच्या टायटनने नाव विकत घेतलं, नंतर ते एथॉस समूहाकडे गेलं आणि २०२४ मध्ये जिनिव्हात ब्रँड पुन्हा सादर झाला. त्यात ‘सी स्काय रिव्हायव्हल’ हा जुन्या सी स्काय क्रोनोग्राफचा नवा अवतार होता. घाट जुना, पण आतलं मशीन आजच्या स्विस पुरवठादाराचं. मालकी भारतीय समूहाची असल्यामुळे मला या घड्याळाविषयी आपुलकी आहे. तरीही एल प्रिमेरो किंवा सीगलसारखा वंश त्याच्या आत नाही, हे घेणाऱ्याने माहीत असू द्यावं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पूर्वीही पुष्कळ स्विस नावं मशीन बाहेरून घेत असत.

बाहेरून दिसणाऱ्या बदलांकडेही लक्ष द्यायला हवं. मूळ घड्याळाला प्लास्टिकची घुमटाकार काच असे, नव्याला ओरखडा न पडणारं सॅफायर असतं. मूळ रबरी सील आजच्या पावसात टिकत नाही, नवं घड्याळ टिकतं. अंधारात चमकण्यासाठी १९६० च्या आधी रेडियम वापरत, नंतर ट्रिशियम, आता किरणोत्सारी नसलेलं सुपर-ल्युमिनोव्हा. पुष्कळ नव्या आवृत्त्या हा नवा रंग मुद्दाम पिवळट ठेवतात, वयाने पिकल्यासारखा दिसावा म्हणून. मला ते पटत नाही. पिकणं घड्याळाचं आहे, ते त्याला सावकाश येऊ द्यावं. आणि रेडियम असल्याचा संशय असलेलं जुनं घड्याळ घरी कधीही उघडू नये. त्या रंगाची भुकटी श्वासातून आत जाणं धोक्याचं आहे.

जुन्या क्रोनोग्राफच्या मोहाने थेट बाजारात जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हैदराबादेत एर्रागड्डाच्या रविवारच्या बाजारात, मेहबूब चौकातल्या १८९२ च्या घड्याळमनोऱ्याजवळ मुर्गी चौकात, मुंबईत चोर बाजारात जुनी घड्याळं भरपूर मिळतात. त्यातल्या पुष्कळांच्या डायली पुन्हा रंगवलेल्या असतात. लाल, निळ्या, चकचकीत, अक्षरं किंचित वाकडी. जगभरच्या संग्राहकांत अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. एका ब्रँडची डायल, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचं मशीन असंही निघतं. डायलवरची छपाई भिंगातून पाहा, केसच्या मागचा क्रमांक आणि आतल्या मशीनचं नाव जुळतंय का ते विचारा, बटणं दाबून काटा नेमका शून्यावर येतो का ते पाहा. शून्याच्या अलीकडे-पलीकडे थांबणारा काटा म्हणजे काटा शून्यावर आणणारी हातोडी आतल्या हृदयाकृती कॅमवर नीट बसत नाही, आणि ते दुरुस्त करणारा घड्याळजी शोधणं सोपं नाही. साधी सर्व्हिसिंग करणारे हात या शहरात पुष्कळ आहेत. क्रोनोग्राफ पूर्ण उघडून पुन्हा जोडणारे फार थोडे उरलेत.

मग ऑल्विनचा क्रोनोग्राफ निघू शकेल का? निघू शकेल, आणि वाटतं त्यापेक्षा सोप्या वाटेने. सेकोच्या समूहातली कंपनी आजही इतर ब्रँडांना क्रोनोग्राफची मशीन विकते. त्यातलं एनई८८ हे आपोआप चावी भरणारं, कॉलम व्हील आणि उभ्या क्लचचं, म्हणजे १९६९ च्या ६१३९ च्याच विचारातून आलेलं आहे. ज्यांना तेवढा खर्च नको त्यांच्यासाठी व्हीके६३ आहे. त्यात वेळ क्वार्ट्झ राखतं आणि शून्यावर आणण्याचं काम यांत्रिक पद्धतीने होतं. ऑल्विनच्या जुन्या डायलीवरची अक्षरं, काट्यांचा घाट, केसचे कोपरे जसेच्या तसे घेऊन आत सेकोचं मशीन बसवलं, तर ते घड्याळ आपल्या पूर्वजाशी प्रामाणिक राहील. पूर्वजाच्या आतही सेकोचंच तंत्र होतं.

त्यासाठी आधी ती अक्षरं आणि ते घाट हवेत. डायल छापायच्या प्लेटी, केसचे नकाशे, सर्व्हिस सेंटरला पाठवलेली भागांची पत्रकं, विक्रेत्यांना दिलेले कॅटलॉग, कामगारांच्या प्रशिक्षणाच्या वह्या. कारखान्यात काम केलेली माणसं आज सत्तरीत आहेत. त्यांतल्या कुणाच्या तरी ट्रंकेत यातलं काही असणार. सुलतान बाजार, काचीगुडा, कुकटपल्लीतल्या मराठी घरांतही ऑल्विनमध्ये नोकरी केलेली माणसं असतील. अशी वही किंवा कॅटलॉग हाती लागला, तर रद्दीवाल्याला देण्याआधी त्याचे नीट फोटो काढा, कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या विभागातला ते मागे लिहा, आणि त्या माणसाकडून काम कोणत्या क्रमाने चालायचं ते ऐकून उतरवून घ्या.